मोडलेला करार आणि पाळलेला शब्द: सॉनी बिल विल्यम्सची कहाणी

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो अधूनमधून फिरत असतो. तुम्हीही पाहिला असेल. धिप्पाड बांध्याचा एक रग्बी खेळाडू, अंगात जर्सी आणि कॉलरवर चिकटवलेली पांढरी पट्टी. खाली मजकूर असतो की या मुस्लिम खेळाडूने व्याजावर चालणाऱ्या बँकेचा लोगो झाकून टाकला. मग माशाअल्लाह, सुभानअल्लाह आणि पुढे फॉरवर्ड.

आम्हीही तो फोटो नववीच्या वर्गात दाखवला होता. मुलं खूश झाली. पण दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा मधल्या सुट्टीत आला. घरी त्याने या खेळाडूविषयी वाचलं होतं. म्हणाला, "सर, हाच माणूस आपल्या क्लबशी पाच वर्षांचा करार करून मध्येच निघून गेला होता. कोणाला न सांगता. मग त्याचं काय?"

प्रश्न रास्त होता. आपण एक फोटो उचलतो आणि माणसाची बाकीची वीस वर्षं सोडून देतो. म्हणून ठरवलं की सॉनी बिल विल्यम्सची कहाणी पूर्ण सांगायची, आपल्याला अवघड वाटणाऱ्या भागासकट.

आधी खेळ समजून घेऊ, कारण आपल्याकडे रग्बी म्हटलं की लोकांना एकच खेळ वाटतो. प्रत्यक्षात ते दोन खेळ आहेत, रग्बी युनियन आणि रग्बी लीग. ते वेगळे झाले पैशावरून. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरण्या आणि खाणींत काम करणारे मजूर शनिवारी रग्बी खेळायचे. त्यासाठी त्यांना कामाची पाळी सोडावी लागे आणि तेवढी मजुरी बुडे. उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं होतं की बुडालेली मजुरी भरून द्या. लंडनच्या धुरीणांचं म्हणणं होतं की सभ्य माणूस खेळाचे पैसे घेत नाही. (ज्याच्या घरी चूल खेळाविना पेटते त्याला असं म्हणणं सोपं जातं.) २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यातून पुढे रग्बी लीग उभी राहिली. संघात पंधराऐवजी तेरा खेळाडू. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला पाडलं की तो उठून पायाने चेंडू मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. असं सहा वेळा पकडलं गेलं की चेंडू समोरच्या संघाला. युनियनमध्ये मात्र पाडल्यावर चेंडूसाठी दोन्ही बाजूंची झोंबाझोंबी होते. युनियनने खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला थेट १९९५ साल उजाडू दिलं.

म्हणजे लीग हा पहिल्यापासून कष्टकऱ्यांचा आणि रोजीरोटीचा खेळ. सिडनीच्या कामगार वस्त्यांत तो रुजला, न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्येही रुजला. आणि ऑकलंडमध्ये सामोआची माणसं होती.

सामोआ हा पॅसिफिक महासागरातला चिमुकला बेटांचा देश, लोकसंख्या साधारण दोन लाख. १९६२ पर्यंत तिथे न्यूझीलंडचा कारभार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना हात हवे होते, तेव्हा सामोआ आणि टोंगाची माणसं बोलावली गेली. सत्तरच्या दशकात काम आटलं, तेव्हा त्याच माणसांच्या घरांवर पहाटे पोलिसांच्या धाडी पडू लागल्या. व्हिसाची मुदत संपली का, कागद दाखवा. या धाडींबद्दल न्यूझीलंड सरकारने अधिकृत माफी मागितली ती २०२१ मध्ये. आज न्यूझीलंडमध्ये सामोअन वंशाचे पावणेदोन लाखांहून जास्त लोक राहतात, जवळजवळ खुद्द सामोआइतके. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या मोठ्या लीग स्पर्धेत तर निम्म्याच्या आसपास खेळाडू पॅसिफिक बेटांच्या वंशाचे आहेत.

सॉनी बिलचा जन्म ३ ऑगस्ट १९८५ चा, ऑकलंडचा. वडील सामोअन, तेही लीग खेळलेले. आई गोरी न्यूझीलंडर. माउंट अल्बर्ट भागात सरकारी घरात राहणारं हे कुटुंब. एक भाऊ आणि दोन जुळ्या बहिणी. त्यांतली एक, नायल, पुढे न्यूझीलंडकडून ऑलिंपिक खेळली आणि २०१६ साली रौप्यपदक घेऊन आली. सॉनी बिल स्वतः सांगतो की लहानपणी डोक्यात एकच गोष्ट होती, आईला स्वतःचं घर घेऊन द्यायचं.

शाळेत असतानाच सिडनीच्या कँटरबरी बुलडॉग्ज क्लबच्या माणसांनी त्याला हेरलं. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगा घर सोडून परदेशात गेला. इथे आम्ही शिक्षक म्हणून जरा थांबतो. आपल्याकडेही मुलगा क्रिकेटमध्ये चमकला की वालिद लगेच मोठ्या शहराच्या अकादमीची चौकशी करतात. अम्मी मात्र विचारतात, जेवणाचं काय, सोबत कोण, शाळेचं काय? त्या प्रश्नांना कोणी फार भाव देत नाही. सॉनी बिलच्या विशीत जे घडलं ते वाचलं की वाटतं, अम्मीचेच प्रश्न बरोबर होते.

खेळात मात्र तो कमालीचा निघाला. सहा फूट चार इंच उंची आणि शंभर किलोंच्या वर वजन असूनही पळण्यात चपळ. त्याची खास ओळख म्हणजे ऑफलोड. दोन-तीन जणांनी घट्ट धरलंय, खाली पडतोय, आणि पडता पडता एका हाताने चेंडू मागून सोबत्याकडे सरकवतो. कबड्डीत पकड झाली की आपण श्वास सोडतो, संपलं म्हणतो. याच्या बाबतीत पकड झाल्यावर खरी मजा सुरू व्हायची. २००४ मध्ये अठराव्या वर्षी तो न्यूझीलंडकडून लीग खेळला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला बुलडॉग्जने अंतिम सामन्यात सिडनी रूस्टर्सला १६-१३ ने हरवलं. एकोणीस वर्षांचं पोर आणि हातात एनआरएलचं विजेतेपद.

बुलडॉग्जचं घर म्हणजे सिडनीचं बेलमोर. शेजारीच लकेम्बा, तिथे मोठी मशीद आणि लेबनॉनहून आलेल्या मुस्लिम कुटुंबांची दाट वस्ती. क्लबच्या चाहत्यांत ही मंडळी भरपूर. आणि संघात होता हाझेम अल-मसरी, लेबनॉनमध्ये जन्मलेला, दीनदार म्हणून ओळखला जाणारा खेळाडू, ज्याने पुढे स्पर्धेच्या इतिहासात सर्वाधिक गुणांचा विक्रम केला. म्हणजे एक नमाजी माणूस सॉनी बिलच्या शेजारीच कपडे बदलत होता. तेव्हा सॉनी बिलला त्याचं काही वाटलं असं दिसत नाही. तो काळ त्याच्या शब्दांत दारू, नशा आणि बायकांच्या नादाचा. हे त्याने २०२१ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय, लपवलेलं नाही. शरीरानेही दगा दिला. २००५ आणि २००६ ही वर्षं बरीचशी दुखापतींत गेली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. २००७ मध्ये सॉनी बिलने बुलडॉग्जशी पाच वर्षांचा करार केला. एनआरएलमध्ये प्रत्येक क्लबला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. मोठ्या क्लबने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत म्हणून ती. पण त्यामुळे अव्वल खेळाडूला बाहेर मिळाले असते तेवढे पैसे मिळत नाहीत. सॉनी बिलला ते खुपत होतं, क्लबमध्ये मनही लागत नव्हतं. जुलै २००८ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, तो विमानात बसला आणि फ्रान्समधल्या तुलोन शहरात रग्बी युनियन खेळायला निघून गेला. क्लबला सांगितलं नाही, सोबत्यांना सांगितलं नाही. ऑस्ट्रेलियात आगडोंब उसळला. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी साडेसात लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाईवर तडजोड झाली. त्या वेळच्या भावाने साधारण तीन कोटी रुपये.

काही जण म्हणतात, तेव्हा तो मुसलमान नव्हता, म्हणून हिशोब माफ. आम्हाला हे पटत नाही. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकमाने होते, हे आपल्या मुलांना पाठ आहे. आणि दीन बाजूला ठेवला तरी, ज्या सोबत्यांसोबत रोज घाम गाळला त्यांना मध्येच टाकून जाणं चूकच. आम्ही त्या मुलाला तेच सांगितलं. एवढीच भर घातली की पुढे सॉनी बिलनेही आपण ज्या तऱ्हेने निघून गेलो त्याबद्दल खेद व्यक्त केला.

पण त्या पळून जाण्यातूनच त्याच्या आयुष्याचं वळण आलं, हेही खरं. या भानगडीत त्याच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस म्हणजे अँथनी मंडाइन, ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासी समाजातला बॉक्सर. तोही आधी लीगचा नावाजलेला खेळाडू होता आणि १९९९ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला होता. त्याच्या सोबतीत सॉनी बिलने बॉक्सिंगही सुरू केलं. तुलोनमध्ये त्याची ओळख एका ट्युनिशियन कुटुंबाशी झाली. मुलांबाळांनी भरलेलं कुटुंब, राहायला अगदी लहान घर. स्वतःजवळ पैसा आणि नाव असून मन बेचैन, आणि ही माणसं एवढ्याशा जागेत इतकी समाधानी कशी, हे त्याला उमगेना. तो त्यांच्या घरी जाऊ-येऊ लागला. तिथेच, फ्रान्समध्ये असताना, त्याने इस्लाम कबूल केला. कोणी त्याच्याशी वाद घातला नव्हता, कोणी व्याख्यान दिलं नव्हतं. ते कुटुंब आपलं रोजचं जगणं जगत होतं.

२०१० मध्ये तुलोनची भरघोस रक्कम नाकारून तो कमी पैशांत न्यूझीलंडला परतला. ऑल ब्लॅक्स या राष्ट्रीय युनियन संघाकडून खेळायचं तर देशात राहणं भाग होतं. क्राइस्टचर्चच्या ज्या संघात तो गेला त्याचं नाव क्रुसेडर्स. सामन्याआधी घोड्यांवरून तलवारधारी सरदार मैदानात फेरी मारायचे. नुकताच इस्लाममध्ये आलेला खेळाडू आणि संघाचं नाव सलीबी जंगांवरून, अल्लाहची शानच म्हणायची. २०११ मध्ये ऑल ब्लॅक्सने फ्रान्सला ८-७ असं निसटतं हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा तो संघात होता. २०१२ मध्ये चीफ्स संघासोबत सुपर रग्बी जिंकली. आता त्याने तिथेच राहावं, असं सगळ्यांना वाटत होतं.

आणि इथे तो पुन्हा लीगकडे गेला. कारण ऐकण्यासारखं आहे. सिडनी रूस्टर्सचे अध्यक्ष निक पोलिटिस यांना त्याने काही वर्षांपूर्वी शब्द दिला होता की लीगमध्ये परत आलो तर तुमच्याकडे येईन. कागद नव्हता, सही नव्हती. नुसता हातात हात. युनियनमध्ये तो शिखरावर होता, ऑल ब्लॅक्सची जागा सोडावी लागत होती, तरी २०१३ मध्ये तो रूस्टर्सकडे हजर झाला. सही केलेला करार पाच वर्षांपूर्वी मोडला होता आणि आता हस्तांदोलनावरचा शब्द पाळला. आमच्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीत लोगोपेक्षा ही गोष्ट मोठी आहे, पण हिचा फोटो निघत नाही, म्हणून ती फॉरवर्डही होत नाही. रूस्टर्स आदल्या वर्षी तळाच्या संघांत होते. त्या वर्षी त्यांनी अंतिम सामन्यात मॅन्लीला २६-१८ ने हरवलं.

तरी त्याला लगेच वली समजू नका. त्याच वर्षीच्या लीग विश्वचषकासाठी त्याने आधी नकार दिला, संघ जाहीर झाल्यावर होकार दिला, आणि त्याला घेण्यासाठी टोहू हॅरिस या तरुण खेळाडूला बाहेर काढलं गेलं. न्यूझीलंड अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाकडून ३४-२ ने हरलं. सॉनी बिल मात्र वर्षाचा सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय खेळाडू ठरला. हॅरिसच्या घरी त्या दिवशी काय वाटलं असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

२०१५ चा युनियन विश्वचषक न्यूझीलंडने पुन्हा जिंकला. लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर संघ फेरी मारत असताना एक मुलगा धावत आत आला आणि सुरक्षारक्षकाने त्याला जोरात खाली पाडलं. सॉनी बिलने त्याला उठवलं, जवळ घेतलं, घरच्यांकडे नेऊन सोडलं आणि स्वतःच्या गळ्यातलं सुवर्णपदक त्याच्या गळ्यात घातलं. नंतर आयोजकांनी सॉनी बिलला दुसरं पदक दिलं. त्याच डिसेंबरात तो युनिसेफसोबत लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन आला. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्याच सामन्यात त्याच्या टाचेची मोठी शीर तुटली आणि तो महिनोन्‌महिने घरी बसला.

आता तो फोटो. एप्रिल २०१७. दुखापतीनंतर ब्लूज संघाकडून त्याचा पहिला सामना, ड्युनेडिनला. जर्सीच्या कॉलरवर बँक ऑफ न्यूझीलंडचा लोगो होता, त्यावर त्याने पट्टी चिकटवली. लगेच प्रश्न सुरू झाले. पगार तर त्याच प्रायोजकांच्या पैशातून येतो ना? आधीच्या जर्सीवर विमा कंपनीचं नाव चाललं, मग हेच का नाही? हे प्रश्न विचारणारे सगळेच द्वेष्टे नव्हते. त्याचं उत्तर साधं होतं. दीन जसजसा जास्त समजतोय, तसतशा पूर्वी केलेल्या काही गोष्टी आता करवत नाहीत, आणि बँकेचा अपमान करायचा हेतू नाही.

पुढे काय झालं ते फॉरवर्डमध्ये नसतं. न्यूझीलंड रग्बीने त्याच्याशी चर्चा केली, सद्सद्विवेकाच्या कारणावरून हरकत घेण्याचा त्याचा हक्क मान्य केला आणि व्याजाच्या धंद्यातल्या कंपन्यांचे लोगो लावण्यातून त्याला सूट दिली. म्हणजे पट्टी एका सामन्याची होती, तोडगा समोरासमोर बोलून निघाला. २००८ मध्ये न बोलता विमान पकडणारा माणूस २०१७ मध्ये थांबून बोलला. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाची जर्सी आपल्यापैकी क्रिकेटवेड्यांना आठवत असेल, तीवर बिअरचा लोगो नसायचा. तिथेही मंडळाने ते मान्य केलं होतं. आपल्या मुलांना नोकरीत जुम्याच्या नमाजची सुट्टी मागायची असते, किंवा एखादं काम अंगावर घ्यायचं नसतं. तेव्हा मागायचं कसं, हे या प्रकरणातून शिकता येतं. नुसतं टाळ्या वाजवण्यासाठी ते नाही.

त्याच वर्षी जुलैत वेलिंग्टनला ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत त्याने हात न लावता खांद्याने धडक मारली, ती प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लागली. पंचविसाव्या मिनिटाला लाल कार्ड. पन्नास वर्षांत ऑल ब्लॅक्सचा एकही खेळाडू असा बाहेर काढला गेला नव्हता. न्यूझीलंड २४-२१ ने हरलं आणि त्याच्यावर चार आठवड्यांची बंदी आली. लीगमध्ये अशी खांद्याची धडक पूर्वी चालायची आणि हा तिच्यासाठी प्रसिद्ध होता. जुनी सवय चुकीच्या दिवशी आडवी आली.

शेवटची वर्षं थोडक्यात. ऑल ब्लॅक्सकडून ५८ कसोटी सामने खेळून २०१९ च्या विश्वचषकानंतर तो थांबला. मग कॅनडाच्या टोरँटो वुल्फपॅक या लीग क्लबने त्याला प्रचंड रकमेला घेतलं, पण करोना आला आणि क्लबच स्पर्धेतून बाहेर पडला. रूस्टर्सकडे थोडे सामने खेळून मार्च २०२१ मध्ये त्याने रग्बी सोडली. नंतर काही काळ बॉक्सिंग केलं, काही लढती जिंकला, काही हरला.

पण त्याआधीचा एक दिवस सांगायचा राहिलाय. १५ मार्च २०१९, जुम्याचा दिवस. क्राइस्टचर्चच्या अल-नूर मशिदीत आणि लिनवूडच्या इस्लामिक सेंटरमध्ये एका बंदूकधाऱ्याने नमाजींवर गोळ्या झाडल्या. एक्कावन्न जण शहीद झाले. त्या दिवशी सॉनी बिलने एक व्हिडिओ टाकला. गाडीत बसलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, शब्द फुटत नाहीत. पुढच्या जुम्याला तो क्राइस्टचर्चमध्ये होता, हॅगली पार्कमध्ये हजारो लोकांच्या गर्दीत. मुस्लिम नसलेले शेजारी सफांच्या मागे उभे होते. ज्या शहरात तो कधीकाळी क्रुसेडर्सची जर्सी घालून पळाला होता, त्या शहरात आता लोक त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. क्रुसेडर्सनेही त्यानंतर घोड्यांची ती फेरी बंद केली आणि पुढे आपल्या चिन्हातला तलवारधारी सरदार काढून टाकला.

त्याच दिवसांत त्याचा ऑल ब्लॅक्समधला सोबती ओफा तुउंगाफासी याने इस्लाम स्वीकारला. आणि सॉनी बिलच्या आईनेही कलमा वाचला, त्याच आईने, जिला घर घेऊन द्यायचं म्हणून तो पोरवयात सिडनीच्या विमानात बसला होता.